दूध आटेपर्यंत

सिंदी (रेल्वे)
२४ जुलै १९९७

रीता बाई,

मंदाताईचा तुले पोटाशी धरून आशीर्वाद.

फोनवर काही बोलताच आलं नाई व. दुकानातला फोन, समोर सरकीचे गिऱ्हाईक, मामाजी गादीवर बसलेले, सासऱ्यासमोर काय बोलू? तू तिकून रडून राह्यली अन् मी इकून नुसती "हाव, हाव" करून राह्यली. फोन ठेवला तं बंडूजी हमाल विचारते, "वहिनी, मुंबईत भाव पडला का?" त्याले काय सांगू? म्हणून आता माडीवर येऊन कागद घेतला.

पोरगी गेली. लिहिल्याबिगर राहवत नाई. मी तिले पाह्यलंही नाई. नाक-डोळे कोणावर गेलते, एवढं तरी लिहिजो. सातव्या महिन्यात आलेलं लेकरू, काचेच्या पेटीत ठेवलेलं, एवढंच कानावर आलं. तिच्यावर जीव लावाले मले तेवढंही पुरलं, हे तुले खोटं वाटलं तं वाटू दे.

आता आत्याबाईचा निरोप ऐक. त्यायच्या कमरेचं हाड अजून जुळलं नाई, पण सासूच त्या, खाटेवरून हुकूम सुटतच राह्यतात. म्हणतात, लेकरू गेलेल्या बाईनं अंगावर दूध ठेवू नाई, ते डोक्यात चढते. छाती लुगड्याच्या पट्टीनं घट्ट बांधायची, पानकोबीची पानं ठेवायची. जे निघेल ते मोरीत नाई टाकायचं, उंबराच्या बुडाशी टाकायचं. या घरात असंच चालत आलं. मुंबईत उंबर सापडते का नाई, मले काय माहीत! नाई सापडला तं इकडे ये, आपल्या परसात आहे. हेमराजभाऊजीले म्हणजो, तिकीट काढा. वर्धेले उतर, मी गाडीवर येईन. मुंबईच्या त्या दीड खोलीत भिंतीकडे पाहात बसू नको.

तुही,
मंदाताई


मुंबई
६ ऑगस्ट १९९७

ती. मंदाताई,

तुमच्या पाया पडते. पत्र वाचून पह्यल्यांदा जेवली.

नाक तुमच्या देराचं होतं, थोडं फेंदारलेलं. कपाळ मामाजीचं. रागही मामाजीचाच. सुई टोचली का मुठी अशा आवळाची जशी काही भावावरून दलालासंगं भांडून राह्यली. डोळे कोणाचे ते सांगता नाई येत. तिनं ते नीट उघडलेच नाई.

आत्याबाईनं सांगतलं तसं बांधलं होतं. एक दिवस. ताप चढला, छातीचे दगड झाले, हात वर नेता येत नव्हता. त्यातच दवाखान्यातून ती गेल्याचा दाखला आणाले जावं लागलं. हे खिडकीपाशी उभे होते, मी बाकड्यावर. पलीकडच्या खोलीत कोणाचं तरी लेकरू रडलं अन् ताई, माह्या अंगातून धारा लागल्या. पदर भिजला, पोलकं भिजलं, मांडीवरची पिशवी भिजली. लोकं पाहून राह्यले. जमीन फाटली असती तं त्यात गेली असती मी.

तिथल्या कामत सिस्टर आमच्या पोरीजवळ असायच्या. त्यायनं पाह्यलं, दंड धरून आत नेलं. स्टीलची वाटी देली, शेक देला, हातानं कसं काढायचं ते दाखवलं. म्हणाल्या, "बांधून कशाला मरतेस? दे इकडे." त्या खोलीले मिल्क बँक म्हणतात. बँक ऐकून आपल्या सहकारी बँकेसारखं काही डोळ्यापुढे आणू नका, तिथं शिपाई नाई का खिडकी नाई. एक मोठी थंड पेटी, गरम पाण्याची टाकी, अन् चार खुर्च्या. दिवस पुरे व्हायच्या आधी झालेली लेकरं असतात, त्यायच्या मायले दूध उतरत नाई, कोणाची माय आजारी असते, कोणाची नसतेच. त्यायले हे दूध नळीनं पाजतात. माह्या रक्ताची तपासणी केली अन् घेतलं.

आता रोज जाते. बसनं एक तासही लागत नाई. म्हणून सध्या सिंदीले येणं होत नाई. आत्याबाईले सांगू नका. बांधलं म्हणून सांगजा.

तुमची,
रीता


सिंदी (रेल्वे)
५ सप्टेंबर १९९७

रीता,

पत्राले उशीर झाला. खरं सांगू? मले राग आलता.

परवा तान्हा पोळा झाला. सिंदीचा तान्हा पोळा तुले काय सांगावं, लग्नानंतर पह्यल्या वर्षी तूच माडीवरून पाहून म्हणलं होतं, "बाप रे, एवढी पोट्टी या गावात लपून कुठं राह्यतात!" सारी पोरं आपापले लाकडी बैल सजवून, गाडा ओढत. मामाजीनं होळीपासून सुताराकडे आपल्या लेकरासाठी एक बैल बनवाले टाकलता. पोरगा होवो का पोरगी, त्यायनं विचारलंच नाई. सुतार बिचारा रंग लावून, शिंगाले बेगड लावून घेऊन आला. त्याले कोणी सांगतलंच नव्हतं. मामाजीनं त्याचे पैसे देले. बैल आत नेला, कोठ्यात सरकीच्या पोत्यामागं ठेवला अन् दुकानावर जाऊन बसले. मी कोठ्यात जाऊन रडून आली.

अन् तू म्हणते, येणं होत नाई! कोणाची लेकरं ती? तुही कोण लागतात? मले समजते व, मी काही दूधखुळी नाई. ती पेटीत होती तवा सिंदीहून कोणी बाईमाणूस आलं नाई, याचा तुले राग आहे. म्हणून दवाखान्याचं निमित्त करून राह्यली. राग असंल तं सरळ शिव्या दे. माहेरी आंजीले जायचं असंल तं तिकडे जा. पण एकटी राहू नको.

अन् दुसरी गोष्ट, ही तं आणखी मोठी. तुह्या डोक्यात आली का नाई? दूध पेलं म्हणजे नातं झालं. जाम गावच्या रुख्माबाईच्या नातीचं काय झालं, आठवते ना? कुंकू लागलं, पत्रिका छापून आल्या, अन् मंग कोण्या म्हातारीनं सांगतलं का नवरा-नवरी दोघंही लहानपणी एकाच बाईच्या अंगावर पेले. दूधभाऊ-दूधबहीण! मोडलं लग्न. उद्या तुले पोरगं झालं, मोठं झालं, मुंबईले नोकरीले गेलं अन् तिथं त्यानं पोरगी पसंत केली तं? म्हणून सांगते, तू ज्या लेकराले पाजून राह्यली त्याचं नाव, गाव, माय-बापाचं आडनाव विचारून ठेव. मले लिहून पाठव. मी ध्यानात ठेवीन, माहं डोकं या बाबतीत पक्कं आहे.

आत्याबाईले काही सांगतलं नाई. रोज विचारतात, "आटलं का तिचं?" मी म्हणते, "आटून राह्यलं." देवा, खोटं बोलाले लावते तू मले.

मंदाताई


मुंबई
२० सप्टेंबर १९९७

ती. मंदाताई,

बैलाचं वाचून ह्यायनं पत्र माह्या हातातून घेतलं अन् न्हाणीत जाऊन नळ सोडून बसले. खूप वेळ बसले.

तुमची दुसरी गोष्ट कामत सिस्टरले सांगतली. आधी हसल्या, मंग म्हणाल्या, "तुझ्या जाऊबाईंना म्हणावं, कोणाकोणाची नावं लक्षात ठेवणार?" ताई, मी एका लेकराले पाजतच नाई. मलेही पह्यले असंच वाटलं होतं. मी मनात एक पेटीही धरली होती, खिडकीजवळची. वाटायचं, माही वाटी भरली का तिकडेच जाते. एकदा सिस्टरले म्हटलं, "आज तिचं पोट भरलं का?" त्या म्हणाल्या, "कोणाचं?" मंग त्यायनं दाखवलं. चार-पाच बायांचं दूध एका भांड्यात करतात, गरम पाण्यात ठेवून त्यातले रोगजंतू मारतात, तपासतात अन् थंड पेटीत ठेवतात. डॉक्टर लिहितात त्या लेकराले त्यातून देतात. कोणाचं कोणाले गेलं, तिथं कोणीच सांगू शकत नाई, अन् नावं तं सांगतच नाई. त्या दिवशी मी घरी येऊन भांडी आपटली. माही खिडकीजवळची पोरगी माही नव्हतीच.

आता तुमच्या पह्यल्या गोष्टीचं. मी रागावली नाई, पण नाई येत त्याचं कारण तुमच्यापासून लपवलं.

आमची झाली तवा माह्या छातीत थेंब नव्हता. मी दाबून दाबून रडायची, काही नाई यायचं. तवा तिले त्याच थंड पेटीतलं दूध देलं. माहं उतरेपर्यंत ती कोण्या दुसऱ्या बायांवर जगली, ताई. त्या बाया मले ठाऊक नाई, जातीच्या का परजातीच्या, कोण्या गावच्या, काही नाई. मंग माहं उतरलं. अन् उतरलं तं ती थांबलीच नाई.

अन् आणखी एक आहे. हे कोणाले बोलली नाई. दूध येते तवर मी माय आहे. इथं शेजारच्या बाया म्हणतात, "होईल दुसरं, तरुण आहे तू." हेही समजावतात. साऱ्यायच्या लेखी झालं-गेलं झालं. पण हे अंग अजून तिची वाट पाहून राह्यलं. वेळ झाली का भरून येते. बांधून टाकलं तं ती पुरती जाईल. म्हणून मी बसमध्ये बसते अन् जाते.

एकच इच्छा आहे. माह्या दुधावर वाचलेलं एक लेकरू, एकच, डोळ्यानं पाहावं. काचेतून नाई. हातात घेऊन. मंग येईन मी सिंदीले.

आता तुम्ही विषय काढलाच म्हणून विचारते. भाऊजी आले, सकाळी आले अन् संध्याकाळच्या गाडीनं गेले. तुम्ही काऊन नाई आल्या? मी दारातल्या प्रत्येक पावलाकडे पाहात होती.

रीता


सिंदी (रेल्वे)
१४ ऑक्टोबर १९९७

रीता माय,

विचारलं तं सांगते. कोणाले बोलायचं नाई असं ठरवलं होतं.

मी पिशवी भरून ठेवलती. तुह्यासाठी जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे, सुंठ, गूळ, पोरीसाठी काजळाची डबी. हेमराजभाऊजीच्या फोननंतर एका तासात तयार. आत्याबाई खाटेवरून म्हणाल्या, "तू नको जाऊ मंदा. लेकरू नाजूक आहे. लक्ष्मण जाईल." एवढंच. पुढचं बोलायची गरज नव्हती. पंधरा वर्षं झाली लग्नाले, कूस उजवली नाई, तं माही सावली काचेच्या पेटीवर नको. तुह्या भाऊजीनं माह्याकडे पाह्यलंही नाई, माह्या हातातली पिशवी घेतली अन् निघाले. काजळाची डबी मी काढून ठेवली.

मले वाटलं, आत्याबाई म्हणतात ते खरं असंल तं? लेकराले काही झालं तं? म्हणून मी नाई आली. मी नाई आली अन् तरी ती गेली. मंग कोणाची सावली पडलती, सांग?

 दसऱ्याच्या दिवशी सोनं द्यायले आत्याबाईच्या पाया पडली. त्यायनं डोक्यावर हात ठेवला अन् पुन्हा तेच, "आटलं का व तिचं? दिवाळीले आण तिले." मी म्हटलं, "नाई आटलं. आटवतच नाई ती. तिथं दवाखान्यात देते रोज. दहा जातीची लेकरं पिऊन राह्यली. काय करायचं ते करा." मामाजी ओसरीवर, हातात आपट्याची पानं, तसेच उभे. तुह्या भाऊजीले ठसका लागला. मले वाटलं, आता घर डोक्यावर घेते म्हातारी.

पण त्यायनं तोंड भिंतीकडे केलं. सांज झाली, जेवल्या नाई. मी ताट घेऊन गेली तं म्हणाल्या, "बस." मंग सांगतलं ते मले इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. तुह्या भाऊजीच्या पाठीवर, हेमराजच्या आधी, एक झालता. सवा महिन्याचा होऊन गेला. तवा त्यायच्या सासूनं त्यायले रोज परसात नेलं. म्हणाल्या, "उंबराले पाजलं व मी. इतकं दूध होतं. उंबर काय माह्याबिगर वाढाचा थांबला असता?" अन् रडल्या. मी त्यायले कधी रडताना पाह्यलं नव्हतं, कंबर मोडली तवाही नाई.

सकाळी खाटेवरून हुकूम सुटला, "मंदा, मेथ्या भिजव. डिंक तळ. अळीव आहे का पाह्य, नाई तं आणव." लाडू मी वळले, पण गूळ त्यायनं स्वतः चाखून घातला. तुह्या भाऊजीले कापसाच्या कामानं तिकडे यायचंच आहे, त्यायच्या हाती डबा पाठवून राह्यली. रोज एक खाजो. वर दूध पेजो. आत्याबाई म्हणतात, "तिले म्हणाव, देणं आहे तं पोटभर दे. अर्धपोटी कोण्या लेकराले ठेवू नको."

नाव-गावाचा नाद मी सोडला. आता टीव्हीवर मुंबईचं कोणतंही लेकरू दिसलं का मी म्हणते, हे आपलंच असंल. मामाजी म्हणतात, मग तं सोयरे मोप झाले, लग्नं जुळवाची कोणासंगं?

तुही,
मंदाताई


मुंबई
१८ नोव्हेंबर १९९७

ती. मंदाताई,

डबा संपला. शेवटचा लाडू ह्यायनं चोरून खाल्ला, मी पकडलं. म्हणाले, "मीही तं बाप आहे." किती महिन्यांनी आम्ही दोघं हसलो.

तुमचं पत्र मी उशीखाली ठेवते. ताई, तुम्ही आल्या असत्या तं मी पह्यले तुमच्या हातात देली असती. सिस्टरनं मले एकदा तिले छातीवर ठेवू देलं होतं, नळ्यांसकट. ती वेळ मी तुमाले देली असती. तुमची सावली नाई, तुमची ऊब लागली असती तिले. आत्याबाईवर माहा राग होता, पण उंबराचं वाचल्यावर कोणावर रागावू? त्यायले माहा नमस्कार सांगा.

एक वाईट. दूध कमी झालं. लाडवानं महिनाभर चांगलं आलं, वाटी भरून वर यायचं. आता तळ झाकाले वेळ लागतो. लेकरू ओढणारं नसलं का अंग किती दिवस फसणार? कामत सिस्टरनं आज जवळ बसवलं. म्हणाल्या, "खूप दिलंस. आता हळूहळू थांबव. घरी जा." मी म्हटलं, "एक लेकरू दाखवा. पाया पडते." त्यायचे डोळे भरले, पण मान हालवली. नियम आहे, अन् खरं तं त्यायलेही ठाऊक नसते. मी वाद नाई घातला.

वाटते, ती आता दुसऱ्यांदा जाऊन राह्यली. तेव्हा एकदम गेली, आता थेंबाथेंबानं.

रीता


सिंदी (रेल्वे)
२९ नोव्हेंबर १९९७

रीता बाई,

लगेच लिहून राह्यली. तू ये. पाह्यलं नाई तरी ये. थेंबाथेंबानं जाऊन राह्यली म्हणते, तं ते एकटीनं पाहू नको, मी संगं बसते.

तुहं पत्र वाचून मी आत्याबाईपुढं ठेवलं, त्यायले वाचता येत नाई तरी. म्हटलं, तुमची धाकटी सून लिहिते, मंदाची ऊब लागली असती. त्यायनं कागद घडी करून उशाशी ठेवला. मंग म्हणाल्या, "वर्धेले तिले घ्यायले तूच जा. लक्ष्मण नाई जाणार." एवढंच बोलल्या व, पण पंधरा वर्षं मी या एवढ्याची वाट पाहात होती. 

कपाशी वेचणीले आली, जिनापुढं कापसाच्या गाड्यांच्या रांगा स्टेशनपर्यंत लागल्या, सारं गाव रुई-रुई झालं. शिंकता शिंकता लिहून राह्यली. तारीख कळवजो.

मंदाताई


मुंबई
१२ डिसेंबर १९९७

ती. मंदाताई,

पाया पडते. मंगळवारी विदर्भ एक्सप्रेसनं निघतो, बुधवारी सकाळी वर्धेले. हे पोहचवून परत येतील, मी संक्रांतीपर्यंत राहीन. हे पत्र माह्या आधी पोहचलं तं बरं, कारण तोंडानं मले हे सांगता येणार नाई.

आज शेवटची गेलती. वाटीत फक्त ओल आली. कामत सिस्टरनं तीही घेतली, मले बरं वाटावं म्हणून असंल. निरोप घेतला, रडू नाई आलं. पायऱ्या उतरून बाहेरच्या ओट्याशी आली. तिथं एक पोरगीच म्हणावी अशी बाई, मुरबाडकडची, लेकरू घेऊन उभी होती. आज सुट्टी झालती तिले. सासू औषधं आणाले गेलेली, हातात दोन पिशव्या, चपलेचा पट्टा सुटलेला. मले म्हणाली, "ताई, धरता का जरा?"

मी धरलं. ताई, दोन्ही हातांनी धरलं. मुठीएवढं तोंड, कानटोपी डोळ्यावर आलेली. वजन असं काही नाई, पण होतं. गरम होतं. त्यानं मान वळवली अन् तोंड माह्या पोलक्याले घासलं, शोधल्यासारखं. मले वाटलं होतं आता काही उरलं नाई. पण भरून आलं.

ती बाई वाकून पट्टा लावत होती, खालूनच बोलत होती. "फार लवकर झाली ही. मला दूधच नव्हतं येत. पहिल्यांदा इथलंच पाजलं, दुसऱ्या बायकांचं. त्यांच्यावरच निभावली बघा."

मी टोपी जरा वर केली. डोळे उघडे होते तिचे, टक्क. मी पोटभर पाह्यलं. मंग ती बाई उठली, पोरीले घेतलं, पदरात गुंडाळलं अन् माह्या ओल्या पोलक्याकडे पाहून हसली.

"तुमचं बाळ कुठल्या वॉर्डात आहे?"

मी म्हटलं, "आज घरी चाललं."

तुमची,
रीता